फुगवट्याखालची जागा

वेस्टर्न सॅडल म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुराख्यांचं खोगीर. चित्रपटांमुळे ते आपल्या ओळखीचं झालं आहे. पुढे दोर गुंडाळायची मूठ, मागे उंच पाठ, दोन्ही बाजूंना लोंबणारे रुंद पट्टे, त्यांच्या टोकाला लाकडी रिकिबी आणि कातड्यावर कोरलेली फुलं. डोळ्यांना दिसतं ते जवळजवळ सगळं कातडंच असतं. आकार मात्र ठरतो तो आत दडलेल्या लाकडी सांगाड्यावर. तिथले कारागीर त्याला ‘ट्री’ म्हणतात. हे पुस्तक अशा सांगाड्यांच्या एका विशिष्ट जातीबद्दल आहे. या जातीत सांगाड्याच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंना रुंद फुगवटे असतात आणि ते फुगवटे खालून आत कोरून घेतलेले असतात.

सांगाडा समजला की पुढचं सगळं समजतं, म्हणून आधी तेवढं सांगतो. घोड्याच्या कण्याच्या दोन्ही अंगांना दोन लांब, घडीव फळ्या बसतात. त्या ‘बार’. स्वाराचं सगळं वजन या दोन फळ्या पेलतात, कण्यावर काहीही टेकत नाही. पुढून त्यांना जोडणारी कमान म्हणजे ‘फोर्क’ आणि मागून जोडणारी, स्वाराच्या कमरेमागे उभी राहणारी वक्र पाठ म्हणजे ‘कँटल’. फोर्कच्या माथ्यावर हॉर्न, म्हणजे दोराची मूठ. फोर्कचे दोन खांदे बाहेर फुगले की त्यांना ‘स्वेल’ म्हणतात. मी या पुस्तकात त्यांना फुगवटेच म्हटलं आहे. एका फुगवट्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतची सरळ रुंदी हे सांगाड्याचं एक मुख्य माप. फुगवटा नसलेला जुना फोर्क आठ-नऊ इंचांचा असतो. १० ते १३ इंच हे मध्यम माप. १४ इंचांपासून पुढे रुंद फुगवट्यांचा प्रदेश सुरू होतो. आता हा फुगवटा खाली फळीकडे येताना सरळ न उतरता आत वळवला, तर त्याच्या पोटाखाली एक खोलगट जागा तयार होते. स्वाराची मांडी या जागेच्या तोंडाशी येते. घोड्याने डोकं पायांत घालून पाठ उसळवली की मांडी वर उठते, फुगवट्याच्या पोटाला अडते आणि स्वार बैठकीतच राहतो.

या खोलगट जागेवरच मी या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत. स्वार खोगिरावर टिकणार की नाही हे तिथे ठरतं. पडायची वेळ आली तर तो मोकळा होणार की नाही, हेही तिथेच ठरतं. आणि खोगीर बांधणाऱ्याच्या हाताला किती येतं, हे जाणकार माणूस हॉर्नकडे किंवा कोरीव फुलांकडे न बघता त्या जागेत बोट घालून तपासतो.

हा आकार आला कुठून? स्पॅनिश लोकांनी घोडा आणि खोगीर मेक्सिकोत आणलं, तिथल्या व्हाकेरो गुराख्यांनी त्याला दोर बांधण्याची मूठ दिली, आणि टेक्सास व कॅलिफोर्निया या दोन वाटांनी ते उत्तरेकडे पसरलं. एकोणिसाव्या शतकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत या खोगिराचा फोर्क अरुंदच होता. अवखळ घोड्यावर बसायचं असेल तर गुराखी घोंगडीची किंवा रेनकोटाची वळकटी करून फोर्कच्या मागे आडवी बांधत. मांडीला अडायला काहीतरी हवं, एवढीच त्यामागची गरज. १९०० च्या आगेमागे सांगाडा करणाऱ्यांनी ती वळकटी लाकडातच उतरवली आणि फुगवट्यांचा फोर्क जन्माला आला.

त्या काळातली घोड्यांची परिस्थिती लक्षात घेतली की ही गरज किती तीव्र होती ते कळतं. मोकळ्या कुरणांवर वाढलेला घोडा चार-पाच वर्षांचा होईपर्यंत माणसाच्या हाताला लागत नसे. मग त्याला कोंडून, थोड्याच दिवसांत खोगिराला आणलं जाई. असे घोडे कामाला लावणं हा काही गुराख्यांचा स्वतंत्र धंदाच होता. बोअर युद्धाच्या वेळी, १८९९ ते १९०२ या वर्षांत, ब्रिटिश लष्करासाठी वायोमिंगमधल्या शेरिडनच्या आसपासच्या प्रदेशातून हजारो घोडे विकत घेतले गेले. असे घोडे माणसाळवणाऱ्या स्वाराचं पोट घोड्यावर टिकून राहण्यावरच अवलंबून होतं. अशा माणसाने खोगीरवाल्याकडे जाऊन ‘अजून जरा रुंद कर’ म्हटलं, तर त्यात नवल नाही.

आणि रुंदी वाढत गेली. १६ इंच, १८ इंच, काही सांगाडे तर २० इंचांच्याही पुढे गेले. फुगवटे मागे झुकलेले, खालून खोल कोरलेले, कँटल उंच. स्वार त्यात बसला की दोन्ही मांड्या अडकल्याच. या खोगिरांना गुराख्यांनीच ‘बेअर ट्रॅप’, म्हणजे अस्वलाचा सापळा, हे नाव दिलं. नावातच भीती आहे. घोडा उसळतो तोवर सापळा स्वाराच्या बाजूने असतो, पण घोडा उलटा पडला की तोच सापळा त्याला घोड्याखाली धरून ठेवतो. त्या काळची अशी खोगिरं बघताना मला त्यांच्या निर्मात्यांचं कौशल्य जेवढं जाणवतं, तेवढीच त्यांच्यात बसणाऱ्यांची अगतिकताही जाणवते. जिवावरचा धोका टाळण्यासाठी माणसं जिवावरचाच दुसरा धोका पत्करत होती.

या वाढीला लगाम घातला तो स्पर्धांनी. शायेनची ‘फ्रंटियर डेज’ १८९७ पासून आणि ओरेगॉन राज्यातल्या पेंडलटनची ‘राउंड-अप’ १९१० पासून भरत होती. उसळणाऱ्या घोड्यावर टिकण्याची स्पर्धा हे तिथलं मुख्य आकर्षण. पण प्रत्येक जण आपापलं खोगीर आणणार असेल, तर पंचांनी गुण कुणाला द्यायचे, स्वाराला की सांगाड्याला? १९१९ मध्ये पेंडलटन, शायेन, बॉयसी आणि वॉला वॉला इथल्या स्पर्धांच्या समित्यांनी मिळून एक सामाईक खोगीर ठरवलं. ते ‘कमिटी सॅडल’ आणि पुढे ‘असोसिएशन सॅडल’ म्हणून ओळखलं गेलं, आणि त्याच्या बांधणीशी पेंडलटनच्या हॅम्ले अँड कंपनीचं नाव कायमचं जोडलं गेलं. त्याचा फुगवटा १४ इंचांचा आणि कँटल ५ इंचांची. मला हा निर्णय या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. समित्यांनी फुगवटा काढून टाकला नाही. मांडीला आधार मिळेल पण मांडी अडकून राहणार नाही, अशी जागा त्यांनी शोधली आणि तिच्यावर माप ठेवलं. आज ब्राँक, म्हणजे उसळणाऱ्या घोड्याच्या, स्पर्धेत वापरलं जाणारं खोगीर त्याच घराण्यातलं आहे. त्याचा हॉर्न मात्र पुढे काढून टाकण्यात आला.

स्वार अडकून राहिला तर काय होतं, याचं उदाहरण त्याच पेंडलटनच्या मैदानावर १९२९ मध्ये दिसलं. बॉनी मॅककॅरोल ही त्या काळातली नामवंत स्त्री-स्वार. तिचा घोडा कोसळला आणि ती मोकळी होऊ शकली नाही. त्या जखमांनी पुढे तिचा मृत्यू झाला. इथे दोष फुगवट्याचा नव्हता. तिच्या दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधलेल्या होत्या, आणि स्त्रियांच्या स्पर्धेत ती पद्धत होती. तरीही मी ही घटना मुद्दाम इथे सांगतो आहे, कारण तत्त्व तेच आहे. खोगिराच्या ज्या भागाने माणसाला धरून ठेवायचं, त्याने त्याला सोडायलाही हवं. तिच्या मृत्यूनंतर पेंडलटनने स्त्रियांची ब्राँक स्पर्धाच बंद केली. रिकिबी बांधण्याची पद्धत बदलण्याऐवजी स्त्रियांनाच मैदानाबाहेर काढलं गेलं, आणि हा निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो.

१९२० आणि १९३० च्या दशकांत ‘फॉर्मफिटर’ नावाचा सांगाडा फार लोकप्रिय झाला. उंच कँटल आणि मांडीच्या आकाराला धरून कोरलेले रुंद फुगवटे ही त्याची ओळख. नंतर वारं फिरलं. वासराला दोर टाकून क्षणात खाली उडी मारायची, तर रुंद फुगवटा आडवा येतो. दोरकाम करणाऱ्यांनी बुटका, अरुंद फोर्क पसंत केला. नेव्हाडा आणि त्याच्या आसपासच्या कोरड्या पठारावरच्या गुराख्यांनी तर जुना, फुगवटा नसलेला फोर्कच धरून ठेवला आणि वळकटीच्या जागी कातडी उशा लावल्या. पिंपांभोवती घोडा वळवण्याच्या शर्यतीत मात्र खालून कोरलेले फुगवटे आजही लागतात, कारण तीव्र वळणावर स्वाराला तिथेच आधार मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या गुराख्यांनी याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला. त्यांच्या खोगिराला हॉर्न नसतो, पण गुडघ्यांपुढे दोन भक्कम गाद्या असतात. दोन खंडांतली माणसं एकाच गरजेतून किती वेगळ्या आकारांपर्यंत पोचतात, हे पाहणं मला फार मोलाचं वाटतं.

आता बांधणीकडे येतो, कारण हे पुस्तक मुळात बांधणाऱ्यांसाठी आहे.

सांगाड्याचं लाकूड घडवलं की त्यावर कच्चं, न कमावलेलं कातडं ओलं करून शिवतात. ते वाळताना आकसतं आणि लाकडाला चहूबाजूंनी आवळून धरतं. खोगिराची ताकद लाकडापेक्षाही या आवळण्यात असते. सरळ उतरणाऱ्या फोर्कवर हे काम सरळ होतं. खालून कोरलेल्या फुगवट्यावर मात्र कातड्याचा स्वभावच कारागिराच्या विरोधात जातो. आकसणारं कातडं जवळची वाट शोधतं. फुगवट्याच्या टोकापासून फळीपर्यंत ते ताणून सरळ रेषेत उभं राहायला बघतं आणि खोलगट जागेत लाकूड व कातडं यांच्यामध्ये पोकळी राहते. ती पोकळी राहू द्यायची नसेल, तर कातडं त्या जागेत शिवून किंवा खिळ्यांनी धरून ठेवावं लागतं आणि सावकाश, सावलीत वाळवावं लागतं. उन्हात घाई केली तर सांगाडा पिळवटतो आणि दोन फळ्या एका पातळीत राहत नाहीत. मग वर कितीही सुंदर काम केलं तरी घोड्याची पाठ सोलवटणार. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. फुगवटा स्वारासाठी असतो, घोड्याचा संबंध फळ्यांशी येतो. फुगवट्याच्या रुंदीवर तासन्‌तास बोलणारे लोक फळीच्या वळणाबद्दल एक शब्दही काढत नाहीत, आणि त्याची किंमत घोडा मोजतो.

त्यानंतर कमावलेल्या कातड्याचं काम. वेस्टर्न खोगिरासाठी झाडांच्या सालींत, म्हणजे टॅनिनमध्ये कमावलेलं जाड कातडं लागतं. सेंट लुइसची हर्मन ओक ही टॅनरी १८८१ पासून असं कातडं बनवते. खोगिराच्या मुख्य भागांना ते साधारण पाच ते सहा मिलिमीटर जाडीचं घेतात, फुगवट्यासाठी जरा पातळ. कोल्हापूरच्या कारागिराला यातलं मर्म वेगळं समजावून सांगायला नको. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेलं कातडं पाणी पितं, ओलं असताना हाताच्या दाबाने वळतं आणि वाळल्यावर तो आकार सोडत नाही, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. क्रोममध्ये कमावलेलं कातडं मऊ असतं, टिकतंही, पण दिलेला आकार असा धरून ठेवत नाही. म्हणून या कामात ते चालत नाही.

फुगवट्यावर कातडं चढवणं हा या बांधणीतला सर्वांत अवघड टप्पा. चांगलं भिजवलेल्या कातड्याच्या तुकड्याला हॉर्नपुरतं भोक पाडून तो वरून खाली चढवतात. पुढच्या कमानीच्या काठाशी मध्यावर टोचून पक्का करतात आणि मग दोन्ही बाजूंना, थोडं इकडे थोडं तिकडे, ओढत नेतात. मडक्याच्या तोंडावरून ओलं फडकं खाली ओढलं तर पोटापर्यंत ते ताठ बसतं आणि पोटाखाली मात्र त्याच्या चुण्या पडतात, तसंच इथे होतं. फुगवट्याच्या टोकापर्यंत कातड्याला ताणावं लागतं, टोकाच्या खाली मात्र तेच कातडं आक्रसवावं लागतं. एकाच तुकड्याच्या अर्ध्या भागाने लांबायचं आणि अर्ध्याने आखडायचं. ओलं कातडं हे दोन्ही करतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. लाकडी किंवा हाडाच्या घोटणीने चुणी थोडी थोडी पसरवत, दाबत, पुन्हा ओढत ती जिरवावी लागते. चुणी दुमडून दाबून टाकली की ती आयुष्यभर तिथेच राहते.

रुंदी वाढली की एक वेळ अशी येते की कातडं आणखी ताणलं जात नाही. मग फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना त्याला पाचर काढून सांधा द्यावा लागतो. सांध्यात कातड्याची बारीक पट्टी घालून शिवतात. तिला ‘वेल्ट’ म्हणतात. सांध्याशिवाय, अखंड कातड्याने झाकलेला रुंद फुगवटा ही कारागिरांमध्ये प्रतिष्ठेची गोष्ट मानली जाते, आणि ती प्रतिष्ठा रास्त आहे. पण मी वेल्टला कमी लेखणार नाही. कातड्याला मर्यादेपलीकडे ताणलं की ते पातळ होतं, त्याचा दाणा फाटू लागतो. फुगवट्याचं टोक म्हणजे दोर, कुंपणं आणि भिंती रोज घासणारी जागा. तिथलं पातळ झालेलं कातडं अखंड असूनही लवकर जातं. अठरा इंचांच्या फुगवट्यावर नीट बसवलेला सांधा हा प्रामाणिक कारागिराचा निर्णय आहे. खालून फार खोल कोरलेल्या फुगवट्याबद्दलही माझं मत हेच आहे.

चुण्या जिरल्या तरी काम संपत नाही. कातडं वाळेपर्यंत खोलगट जागेतून वर उचललं जाऊ नये म्हणून ते चिकटवून शिवाय तात्पुरतं बांधून किंवा टोचून ठेवतात. कोरीव काम करायचं असेल तर ते सपाट टेबलावर आधी करून चालत नाही. ताणताना फुलांचे आकार वेडेवाकडे होतात. म्हणून फुगवट्यावरची नक्षी बऱ्याचदा कातडं सांगाड्यावर बसल्यावरच कोरतात. शेरिडनच्या डॉन किंग यांनी रूढ केलेली दाट, गुंतलेल्या फुलांची शैली अशा वळणदार पृष्ठभागावर उतरवणं किती कठीण आहे, ते एकदा करून पाहिल्यावरच कळतं. शेवटी बैठकीचं कातडं येतं. त्याची पुढची दोन टोकं फुगवट्यांच्या मागून त्याच खोलगट जागेत शिरतात. फुगवट्याचं कातडं तिथे नीट बसलेलं नसेल तर बैठकीची टोकं उचलून येतात, त्या फटीत घाम आणि धूळ शिरते आणि स्वाराच्या मांडीला ती कड घासत राहते. सांगाड्याच्या वेळी राहिलेली पोकळी इथे, खोगीर पूर्ण होता होता, उघडी पडते. तेव्हा ती दुरुस्त करायची तर सगळं खोगीर उसवावं लागतं.

इंग्रजीत या विद्येवर थोडंफार लिहिलं गेलं आहे. ॲल आणि ॲन स्टोलमन यांचा तीन खंडांतला खोगीरबांधणीचा कोश आजही शिकणाऱ्यांच्या हाती असतो. अमेरिकन कारागिरांनी आणखी एक गोष्ट केली, तिचं मला विशेष महत्त्व वाटतं. त्यांनी आपल्या खोगिरावर आपल्या नावाचा ठसा उमटवला. हॅम्ले आणि व्हिसालिया या कंपन्यांनी आणि माइल्स सिटी इथल्या दुकानांनी छापील सूचिपत्रं काढली, त्यांत सांगाड्यांची मापं आणि नावं दिली. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचं खोगीर हाती आलं तरी ते कुणी, कुठे बांधलं हे सांगता येतं. आपल्याकडे तसं घडलं नाही. चामड्याचं काम ज्यांनी केलं त्यांच्या हाती लेखणी जाऊ दिली नाही, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी चामड्याला हात लावला नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती जगभर गेली, पण ती शिवणाऱ्या कारागिराचं नाव चपलेवर नसतं. कानपूरमध्ये मोठ्या प्रमाणावर खोगिरं बनतात आणि परदेशी जातात, त्यांचीही तीच कथा. परक्या देशातल्या एका खोगिराच्या एका भागावर मराठीत एवढं सविस्तर लिहावंसं वाटलं, त्यामागे हे कारण आहे. हातांच्या विद्येबद्दल माप, कारण आणि कृती यांसह लिहिता येतं. आपल्या भाषेत ती ताकद आहे. रापी आणि आरी हे शब्द आपल्याकडे आहेत आणि ही हत्यारं चालवणारे हातही आहेत.

वाचकांसाठी पुस्तकाची मांडणी थोडक्यात. पहिले दोन भाग सांगाडा आणि त्याची मापं यांबद्दल आहेत, घोड्याच्या पाठीची तपासणी त्यातच आली आहे. तिसरा, सर्वांत मोठा भाग फुगवट्यावर कातडं चढवण्याचा. बैठक, तंगाची जोडणी आणि रिकिबी त्यानंतर येतात, पण त्यांवर मी मुद्दाम कमी लिहिलं आहे, कारण ते काम कुठल्याही वेस्टर्न खोगिरात जवळजवळ सारखंच असतं.

जे प्रत्यक्ष काम करणार आहेत त्यांना एकच विनंती. पहिलं खोगीर १४ इंचांच्या, खालून कोरलेल्या सांगाड्यावर बांधायला घेऊ नका. अकरा-बारा इंचांचा, सरळ उतरणारा फोर्क घ्या, त्यावर अखंड कातडं बसवून पाहा, वाळल्यावर काढा आणि पुन्हा बसवा. चुण्या कुठे येतात आणि किती वेळाने जिरतात ते हाताला कळू द्या. मगच तिसरा भाग उघडा.